अयुबभाईंचा गळपट्टा

शिंक ही वस्तू देवानं सगळ्यांना फुकट दिली आहे आणि लोक ती फुकटच उडवतात. शिरूरच्या कचेरीतले दस्तनोंदणी कारकून अयुबभाई अत्तार यांना मात्र शिंकेची पूर्वतयारी करावी लागे. नाकात हुळहुळलं की ते टाक खाली ठेवत, दोन्ही तळहातांनी कानांपाशी स्वतःचं डोकं कलिंगडासारखं धरत, डोळे मिटत आणि मग शिंकत. डोकं जागेवर आहे अशी खात्री झाल्यावरच हात सोडत. समोरचा पक्षकार तोवर स्वतःचं खरेदीखत विसरून बघत राही.

याचं मूळ बावीस वर्षं जुनं होतं. उरुसातल्या कुस्तीच्या फडात हौसरावनं त्यांना ढाक मारली होती आणि एकोणीस वर्षांचे अयुबभाई थेट डोक्यावर पडले होते. उठले, माती झटकली, हौसरावबरोबर भजी खाल्ली आणि घरी गेले. मान पंधरा दिवस दुखली, मग विसरली. आता हौसराव शेतकी सोसायटीचा चेअरमन होता, अयुबभाईंच्या शेजारीच त्याचं घर होतं, आणि "अयुबाला म्या कसा उताणा टाकला" ही कथा तो गेली बावीस वर्षं न चुकता सांगत होता. पण ज्या साली पानशेत फुटलं, त्या सालच्या फाल्गुनात मानेला सगळं एकदम आठवलं. डोकं जड व्हायचं, बोटांना मुंग्या यायच्या, आणि एस.टी. खड्ड्यातून गेली की डोकं आपल्याबरोबर येतंय की मागच्या सीटवर राहतंय अशी शंका यायची.

दौंडला रेल्वेतून निवृत्त झालेले एक डॉक्टर होते. त्यांनी पुण्याहून काढून आणलेला एक्सरे खिडकीशी धरला आणि रेल्वेच्याच भाषेत समजावलं. "दोन डब्यांमधलं कपलिंग ढिलं झालंय. गाडी चालते, पण धक्का बसला तर डबा घसरेल. वाकायचं नाही, झटका नाही, डोक्यावर ओझं नाही. चामड्याचा गळपट्टा करून घ्या आणि रोज वापरा."

"ओझं म्हणजे साधारण किती, डॉक्टरसाहेब?"

"एक किलोसुद्धा नाही."

अयुबभाई बाहेर आले आणि दौंडच्या स्टेशनातल्या बाकावर बसून राहिले. त्यांना मानेची काळजी नव्हती. त्यांना चैत्रातल्या उरुसाची काळजी होती.

उरुसाला पीरबाबांचा संदल निघे. पितळी परातीत उगाळलेलं चंदन, वर फुलं आणि दुमडलेली चादर. ती परात डोक्यावर घेऊन गावातून नदीकाठच्या दर्ग्यापर्यंत जायचा हक्क अत्तारांच्या घराचा. अयुबभाईंच्या आजोबांनी परात उचलली, अब्बांनी तर मरणाच्या आदल्या चैत्रात, अंगात ताप असताना उचलली. नियम तीनच, पण कडक. संदलाच्या पुढं कुणी चालायचं नाही, ताशेवालेसुद्धा मागं. संदल उचललेल्या माणसाला वाटेत टोकायचं नाही की हात लावायचा नाही. आणि तिसरा नियम असा, की एक साल जरी खाडा झाला तर हक्क पुढच्या घराकडं जायचा, तो कायमचा. पुढचं घर म्हणजे चुलतभाऊ सिद्दीक. त्याचं बाजारात सायकलचं दुकान होतं. तो अयुबभाईंहून सहा वर्षांनी लहान, वीतभर उंच आणि बैलासारखा धडधाकट. या शेवटच्या गोष्टीबद्दल अयुबभाईंनी त्याला मनातून कधी माफ केलं नव्हतं.

तेव्हा मानेचं कुणाला कळता कामा नये, एवढं त्यांनी बाकावरच ठरवलं. हे फक्त बायकोला सांगायचं. लालबीनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पीरबाबांनी तुमची मान मागितलीय का?" तिच्याशी या विषयावर बोलण्यात अर्थ नव्हता.

गुप्त गोष्ट ठेवायची म्हणजे एक खोटं पुरत नाही, त्याला सोबत लागते. मान वाकत नाही म्हणून अयुबभाई मशिदीत स्टुलावर बसून नमाज पढू लागले. कुणी विचारलं तर "गुडघा" म्हणून सांगू लागले. झालं! संध्याकाळपर्यंत अख्ख्या पेठेला त्यांचा गुडघा पाठ झाला. कुणी निर्गुडीचा पाला दिला, कुणी घोरपडीच्या तेलाचा पत्ता दिला. हौसराव तर करंजाच्या तेलाची बाटली घेऊन रोज संध्याकाळी हजर.

"चोळलं का त्याल?"

"चोळलं की."

"मंग आज डाव्या पायानं का लंगडतुयास? काल उजवा व्हता."

अयुबभाई गडबडले. "उतरलं ते. उजव्यातनं डाव्यात."

"म्हंजी वात हाय!" हौसरावनं निदान केलं आणि दुसऱ्या दिवशी दोन बाटल्या आणल्या.

इकडं गळपट्ट्याचं काम निघालं. दौंडच्या स्टेशनाबाहेर मच्छिंद्र नावाचा कारागीर होता. उभी हयात त्यानं आगगाडीच्या बाकांना चामडं चढवलं होतं. भर बाजारात गळा मोजून घेणं अयुबभाईंच्या इभ्रतीला परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून मच्छिंद्रनं सांगितलं, "घरी दोऱ्यानं मोजा. घेर एक दोरा, हनवटीपासनं हासळीपत्तुर दुसरा दोरा. पाकिटात घालून धाडून द्या." लालबीनं दोरा धरला. घेर नीट मोजला गेला. उंची मोजायला ती दोरा हनवटीला लावते तोच आढ्यावर पाल चुकचुकली आणि अयुबभाईंनी वर पाहिलं. दोरा तसाच तुटला आणि तसाच दौंडला गेला.

मच्छिंद्रचं काम चोख. आठ दिवसांनी एस.टी.च्या कंडक्टरबरोबर पुडकं आलं. तपकिरी चामडं, आत कापूस, मागं दोन पितळी बकलं. फर्स्ट क्लासच्या बाकाला शोभेल असा गळपट्टा होता. अयुबभाईंनी तो चढवला आणि त्यांचं तोंड जे आढ्याकडं गेलं ते तिथंच राहिलं.

"पाल गेली का वो?" लालबीनं विचारलं.

"गेली. पण पट्टा तिच्या मापाचा झालाय."

दुरुस्तीला वेळ नव्हता. उरूस नऊ दिवसांवर आलेला. आणि खरं सांगायचं तर पट्ट्यात मानेला आराम होता. बोटांच्या मुंग्या थांबल्या. फक्त जगाचा खालचा अर्धा भाग दिसेनासा झाला. आकाश, कौलं, झाडांचे शेंडे आणि तालमीतली उंच पोरं एवढंच काय ते अयुबभाईंच्या वाट्याला आलं. आयुष्यात प्रथमच त्यांना कळलं की शिरूरात इतकी कावळ्यांची घरटी आहेत.

चैत्राच्या उन्हात गळ्याला मफलर गुंडाळायचा तर कारण हवं. अयुबभाईंनी गालगुंड हे कारण काढलं. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी गालगुंड म्हटल्यावर गल्लीतल्या भामाबाई गेरूची वाटी घेऊन धावत आल्या. "लेप लावायला तर द्या!" म्हणून त्यांनी मफलरखाली हात घातला, चाचपलं आणि घाबरून मागं सरल्या. "अगं बया! ह्ये तर दगडावानी झालंय! आन् बाजूनं किती सुजलंय वो!" बकलाला हात लागला असता तर त्यांनी बहुधा तिरडीचीच तयारी केली असती.

कचेरीत वेगळाच पेच पडला. टेबल खाली आणि नजर वर, तर दस्त लिहायचा कसा? अयुबभाईंनी टेबलाच्या चार पायांखाली ठेवायला चार विटा मिळाव्यात असा अर्ज केला. मान म्हणावं तर मेडिकल तपासणी होईल, म्हणून कारण लिहिलं, 'उजेड कमी पडतो.' अर्ज टिप्पणीसकट वर गेला. विटा हा विषय बांधकामाचा असल्यानं तो तिकडं गेला. उजेडाचा मुद्दा मात्र तातडीचा ठरून तिसऱ्या दिवशी हुकूम आला, की सदर कारकुनाचं टेबल व्हरांड्यात हलवावं. अशा रीतीनं अयुबभाई मफलर, गळपट्टा आणि गालगुंडासह दुपारच्या उन्हात बसले. विटा मंजूर झाल्या, पण आषाढात.

आणि मग उरुसाच्या चार दिवस आधी सिद्दीक घरी आला. उंच असल्यामुळं तो अयुबभाईंना चांगला दिसला.

"भाई, पेठेत ऐकलं. गुडघा हाय, वर गालगुंड. तुम्ही म्हणत असाल तर ह्या साली संदल मी उचलतो."

बघा! अयुबभाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या खोट्यांनी मान झाकायची, तीच खोटी हक्काच्या मुळावर आली होती. ते ताडकन उठले, अंगणात दहा पावलं ताठ चालून दाखवली, तुळशीच्या कुंडीएवढ्या उंचीची पाण्याची घागर न दिसून तिच्यावर आपटले, आणि पाण्यात उभं राहून म्हणाले, "गुडघा बरा झाला. गालगुंडबी उतरतंय. अत्तारांचा संदल मीच उचलणार."

सिद्दीक निघाला. जाताना त्यानं घागर सरळ करून ठेवली. त्याचाही अयुबभाईंना राग आला.

राहता राहिलं ओझं. परात भरून सात शेर होत होती. पण अयुबभाई कायद्याचे कारकून होते. डॉक्टर म्हणाले होते किलो. परातीचं वजन पिढ्यानपिढ्या शेरात चालत आलं होतं. सरकारनं नवी मापं आणली म्हणून ती मागल्या कराराला लागू होतात का, हा वादाचा मुद्दा होता. लालबीपुढं त्यांनी हा मुद्दा मांडला. तिनं जुनं लुगडं फाडलं आणि चुंबळ वळायला घेतली. उभा जन्म नदीवरून हंडे आणलेली बाई ती. आभाळाकडं बघणाऱ्या डोक्यावर परात सपाट बसावी म्हणून तिनं चुंबळ मागून जाड आणि पुढून पातळ केली. "नीट बसंल," म्हणाली. तिचे डोळे भरून आलेले अयुबभाईंना दिसले नाहीत. ते खालच्या बाजूला होते.

वाट त्यांनी शेंड्यांवरून पाठ केली. पहाटे तीन दिवस फिरून टिपण केलं. घरापासून निघायचं, मारुतीच्या देवळाचा कळस डाव्या हाताला, मग कापसाच्या जिनिंग गिरणीची चिमणी, मग मोठ्या चिंचेचा शेंडा, आणि चिंच ओलांडली की दर्ग्याचं उंच हिरवं निशाण दिसेल, त्याच्याकडं तोंड करून चालायचं. यात चूक होण्यासारखं काही नव्हतं. फक्त एक गोष्ट त्यांच्या टिपणात नव्हती. हौसराव उरूस कमिटीतही होता, आणि संदलाच्याच संध्याकाळी त्याच्या सोसायटीच्या नव्या गोदामाचं उद्घाटन होतं. दर्ग्यावर नवं निशाण चढल्यावर गेल्या वर्षीचा लांब बांबू आणि हिरवं कापड त्यानं मागून घेतलं होतं. "वाया कशाला घालवायचं?" म्हणून त्यानं ते गोदामाच्या दारात रोवलं. दर्गा चिंचेपासून डावीकडं, गोदाम नाकासमोर.

तिसऱ्या प्रहरी असरची नमाज झाली आणि संदल उठला. अयुबभाईंच्या गळ्यात फुलांचे इतके हार होते की मफलरसुद्धा लपला. परात डोक्यावर ठेवताना त्यांनी दात आवळले, मनात अब्बांचं नाव घेतलं आणि वजनाची वाट पाहिली. आणि काय आश्चर्य! वजन लागेचना. परात फुलासारखी हलकी! मान गप्प, बोटं गप्प. अयुबभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांची कृपा, आणि थोडी मच्छिंद्रच्या चामड्याची.

ताशा कडाडला. कळस गेला, चिमणी गेली. दोन्ही बाजूंनी लोक हात जोडत होते, ते त्यांना दिसत नव्हते, पण ऐकू येत होते. चिंचेचा शेंडा आला. तो ओलांडताच समोर हिरवं निशाण फडफडत होतं. अयुबभाई तडक त्याच्याकडं निघाले.

मागं तीनशे माणसं थबकली. संदल वळला नव्हता. पण टोकायचं कुणी आणि हात लावायचा कुणी? ताशेवाल्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि वाजवत राहिले. दर्ग्याचा म्हातारा मुजावर नुसताच "या अल्ला" म्हणाला आणि चालू लागला. सगळा उरूस डावीकडचा दर्गा डावीकडं ठेवून सरळ पुढं गेला.

गोदामासमोर सहकार खात्याचे एक साहेब खुर्चीवर बसून कंटाळले होते. समोर अकरा माणसं, त्यातली चार हौसरावच्या घरची. इतक्यात ताशाचा आवाज आला आणि रस्ता भरून गर्दी येताना दिसली. साहेब हरखून उभे राहिले. "चेअरमन, एवढी तयारी केलीत?" हौसरावचा जबडा खाली आला. संदलाला टोकायचं नाही हे त्यालाही ठाऊक होतं, म्हणून तो पुढं धावला आणि नुसताच हातवारे करू लागला. ते अर्थातच खालच्या अर्ध्या भागात होते. दारात लाल फीत बांधली होती. साहेबांनी कात्री उचलली. अयुबभाईंच्या छातीनं फीत ताणली, तोडली, आणि संदल गोदामात शिरला.

आकाश संपलं. वर एकाएकी पत्रे आले. चार पावलांवर पोटाला युरियाची पोती लागली आणि अयुबभाई थांबले. ताशाही थांबला. त्या शांततेत ते घुमणाऱ्या आवाजात म्हणाले,

"दर्गा कुठं गेला?"

कुणी हसलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. पण हौसराव चेअरमन उगाच झाला नव्हता. त्यानं डोक्याची टोपी काढली आणि ओरडला, "गेला न्हाई, आलाय! बाबांनी सोताहून संदल हितं धाडलाय! आपल्या सोसायटीचं कल्याण झालं!" मुजावरानं क्षणभर विचार केला. मग चंदनात बोट बुडवून गोदामाच्या चौकटीला लावलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. तिथून वळून संदल दर्ग्यावर पोचला तोवर गावभर झालं होतं, की अयुबभाईंच्या अंगात काहीतरी आहे.

दोन दिवस अयुबभाई हवेत होते. व्हरांड्यातल्या टेबलावर लोक नारळ ठेवून जात. "मला दिसलं नाही," असं त्यांनी एकदोघांना खरं सांगूनही पाहिलं, तर त्यांनी पाया पडून विचारलं, "मंग तुमाला कुणी नेलं?" 

तिसऱ्या दिवशी मोठं मन करून ते सिद्दीककडं गेले. जिंकलेल्या माणसानं हरलेल्याचं सांत्वन करावं ही रीत आहे. सिद्दीकची बायको रोशनबी चहा घेऊन आली. अयुबभाईंनी त्या दिवशी पट्टा अंमळ सैल केला होता, म्हणून समोरचं दिसत होतं. सिद्दीकनं बशी जमिनीवरच ठेवली आणि मांजरासारखं वाकून चहा प्यायला.

"हाताला काय झालं रे?"

"काय न्हाई भाई. पंप मारून मारून दंड धरलेत."

अयुबभाई घरी आले. लालबी तांदूळ निवडत होती. त्यांनी विचारलं, "संदलाच्या मागं कोण चालत होतं?"

"तुमाला कशाला पायजे?"

"लालबी."

तिनं सूप खाली ठेवलं. "मीच गेले होते रोशनबीकडं. सगळं सांगितलं. म्हणलं, त्यांचा हक्कबी ऱ्हाऊ द्या आन् माझा नवराबी. भाऊजींनी घरापासनं दर्ग्यापत्तुर मागनं परात दोन्ही हातांनी उचलून धरली. ती तुमच्या डोक्याला लागलीच न्हाई. लोकांना वाटलं, नुसता आधार दिलाय." ती थांबली. "तुमच्या डोक्यावर नुसती चुंबळ होती."

अयुबभाई पट्टा पुन्हा आवळून ओट्यावर बसले. आधी त्यांना लाज वाटली, मग राग आला, तो कुणाचा ते कळेना. दीड तास हात वर. गोदामात जाऊन परत. एक शब्द न बोलता. ज्याचा दंड बघून आपण उभा जन्म जळलो त्या दंडानं! त्यांना रडू आलं आणि पट्ट्यामुळं ते सगळं कानात गेलं.

संध्याकाळी ते सायकलच्या दुकानात गेले. "संदलाला हात लावायचा नाही, हा नियम तू मोडलास."

"माणसाला लावायचा न्हाई, भाई. परातीला लावायचा न्हाई असं कुटं म्हणलंय?"

दस्तनोंदणी कारकुनाला हा मुद्दा आपल्याला सुचला नाही याचं फार वाईट वाटलं. "मग चिंचेपाशी मला वळवलं का नाहीस?"

"टोकायचं न्हाई ना! आन् माझी नजर परातीवर. मला तर युरियाचा वास आला तवा कळलं."

शुक्रवारी दर्ग्याच्या ओट्यावर पंच जमले तेव्हा अयुबभाईंनी सगळ्यांसमक्ष मफलर काढला. चामडं, कापूस, दोन्ही बकलं दाखवली, मानेचं सांगितलं आणि हक्क सिद्दीकच्या घराकडं दिला.  हौसराव पट्ट्याकडं बघत होता.

"म्हंजी ती माझी ढाक?" तो हळूच म्हणाला. "आन् मी गुडघ्याला त्याल देत व्हतो?" ती ढाकेची कथा त्यानं त्यानंतर कधीही सांगितली नाही. अयुबभाईंना पुढंपुढं ती ऐकावीशी वाटू लागली, तरी नाही.

पुढच्या चैत्रात संदल सिद्दीकनं उचलला. मच्छिंद्रनं पट्टा तीन बोटं कापून दिला होता, त्यामुळं अयुबभाईंना आता माणसं दिसत होती. ते सिद्दीकच्या बरोबर मागं चालत होते. त्यांना पुढं ठेवू नये, नाहीतर उरूस दौंडला जाईल, असं कमिटीनं एकमतानं ठरवलं होतं. चिंच आली. सिद्दीक न वळता सरळ गोदामाकडं गेला, कारण ती आता पूर्वापार चालत आलेली रीत होती. अयुबभाईंनी हात लांबवून दोन बोटं परातीच्या काठाला टेकवली. यापेक्षा जास्त त्यांच्या मानेला चाललं नसतं. वजन तर गुंजभरही उचललं गेलं नसेल.

परात दर्ग्यात उतरल्यावर सिद्दीकनं घाम पुसला. "भाई, ह्या साली परात हलकी लागली."

"चुंबळ चांगली असेल," अयुबभाई म्हणाले.